चित्र कुठे अडले?

मुलांनो, अमेरिकेतील शिकागो शहराचे नाव तुम्ही ऐकले असेल. १८९३ साली स्वामी विवेकानंदांनी सर्वधर्म परिषदेत आपले प्रसिद्ध भाषण केले, ते याच शहरात. या शहराच्या उत्तर भागात डेव्हन ॲव्हेन्यू नावाचा एक लांबलचक रस्ता आहे. रस्त्याच्या एका भागाला ‘गांधी मार्ग’ असे मानाचे नावही दिलेले आहे. तेथून चालताना आपण अमेरिकेत आहोत, हे क्षणभर विसरायला होते. साड्यांची दुकाने, मिठाईची दुकाने, पोहे, तूरडाळ, हिंग आणि लोणची यांनी भरलेली किराणा दुकाने! पटेल बंधूंनी १९७४ साली आपले पहिले किराणा दुकान याच रस्त्यावर सुरू केले. शिकागोत १९६९ पासून महाराष्ट्र मंडळही आहे. गणपतीचे दिवस आले, की मोदकांची पिठी आणि उदबत्त्या घेण्यासाठी मराठी कुटुंबे डेव्हन ॲव्हेन्यूवर येतात.

या रस्त्यावर एके काळी आणखी एका प्रकारची दुकाने होती. तेथे हिंदी चित्रपटांच्या व्हिडिओ कॅसेट भाड्याने मिळत. आठवड्याची भाजी घेतली, की लोक एखादी कॅसेटही घरी नेत. पण यात एक मोठी गंमत होती. भारतातून कोणी लग्नाची कॅसेट पाठवली, तर ती अमेरिकेतील यंत्रावर नीट दिसत नसे. असे का बरे होई?

भारतातील दूरदर्शनचे चित्र ६२५ आडव्या रेघांचे असे आणि एका सेकंदात अशी २५ चित्रे दाखवली जात. अमेरिकेत चित्र ५२५ रेघांचे असे आणि सेकंदाला सुमारे ३० चित्रे दाखवली जात. रंग पाठवण्याची रीतही निराळी होती. म्हणून डेव्हन ॲव्हेन्यूवरील काही दुकाने दोन्ही प्रकारची चित्रे दाखवणारी यंत्रे विकत. शिवाय अमेरिकेत घरातील वीज सुमारे १२० व्होल्टची, तर भारतात सुमारे २३० व्होल्टची. दोन्हीकडे चालणारी उपकरणेही या दुकानांत मिळत. सुट्टीत भारतात जाणारी माणसे ती हौसेने विकत घेत.

आता कॅसेटचा जमाना संपला. २००५ साली यूट्यूब सुरू झाले. २००७ साली नेटफ्लिक्सने इंटरनेटवरून चित्रपट दाखवायला सुरुवात केली. आता साताऱ्यातील चित्र शिकागोत आणि शिकागोतील चित्र साताऱ्यात काही क्षणांत पोहोचते. रेघांचे भांडणही मिटले. तरीही कधी चित्र धूसर होते, कधी थांबते, तर कधी पडद्यावर नुसते एक वर्तुळ गरगर फिरत राहते. मग घरात सगळेच म्हणतात, “इंटरनेट बिघडले!” पण खरोखर काय बिघडले? चला, चित्राच्या मागे मागे जाऊन पाहू या.

प्रथम चित्र म्हणजे काय, ते समजून घेऊ. रांगोळी काढण्यापूर्वी आपण ठिपके मांडतो ना? टीव्हीचे किंवा मोबाइलचे चित्रही ठिपक्यांचेच असते. या ठिपक्यांना पिक्सेल म्हणतात. ते इतके बारीक आणि इतके जवळ असतात, की डोळ्यांना वेगळे दिसत नाहीत. ठिपके जितके जास्त, तितके चित्र स्पष्ट. ज्या चित्राला आपण एचडी म्हणजे उच्च प्रतीचे चित्र म्हणतो, त्यात साधारणपणे आडवे १,२८० आणि उभे ७२० ठिपके असतात. त्याहून चांगल्या, पूर्ण एचडी चित्रात आडवे १,९२० आणि उभे १,०८० ठिपके असतात. आता गुणाकार करा. १,९२० गुणिले १,०८० म्हणजे २०,७३,६०० ठिपके! एवढी मोठी रांगोळी एका सेकंदात तीस वेळा पुसून पुन्हा काढायची, म्हणजे चित्र हलते दिसते.

संगणकाला प्रत्येक ठिपक्याचा रंग सांगावा लागतो. संगणकाच्या भाषेत दोनच अंक आहेत, शून्य आणि एक. अशा एका अंकाला बिट म्हणतात. एका ठिपक्याचा रंग सांगायला सहसा २४ बिट लागतात. म्हणजे एका चित्राला सुमारे ५ कोटी बिट आणि एका सेकंदाच्या चित्रांना सुमारे १५० कोटी बिट! एवढी माहिती जशीच्या तशी पाठवायची ठरवली, तर बहुतेक घरांतील इंटरनेट अपुरे पडेल.

मग करतात काय? गावाला जाताना आई कपड्यांच्या घड्या घालून बॅग भरते, तशी चित्राचीही घडी घालतात. क्रिकेटचा सामना आठवा. चेंडू धावतो, खेळाडू धावतात, पण मैदानाचे हिरवे गवत बराच वेळ तसेच असते. ते प्रत्येक वेळी नव्याने कशाला पाठवायचे? जे बदलले, तेवढेच पाठवायचे. या युक्तीने १५० कोटी बिटांचे काम सुमारे ५० लाख बिटांत भागते. म्हणजे तीनशेपट बचत! दहा लाख बिटांना एक मेगाबिट म्हणतात. म्हणून पूर्ण एचडी चित्र न अडखळता पाहायचे, तर सेकंदाला साधारण ५ मेगाबिट वेग हवा, असे सांगतात.

मात्र प्रत्येक चित्राची घडी सारखीच बसत नाही. बातम्या सांगणारे निवेदक एका जागी बसलेले असतात. त्यांच्या चित्राची घडी छान बसते. पण गणपतीची मिरवणूक आठवा. ढोलताशे वाजत आहेत, गुलाल उधळला जात आहे, शेकडो माणसे नाचत आहेत. येथे प्रत्येक ठिपका क्षणोक्षणी बदलतो. म्हणून वेग अपुरा असेल, तर मिरवणुकीच्या चित्रात लवकर चौकोन चौकोन दिसू लागतात.

पाच मेगाबिट म्हणजे किती, हे एका उदाहरणावरून कळेल. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने भारतात सर्वसामान्य लोकांसाठी इंटरनेट सुरू केले. त्या काळात ते टेलिफोनच्या तारेतून घरी येई. पुढे या पद्धतीचा वेग वाढला, तरी तो सेकंदाला ५६ हजार बिटांच्या वर गेला नाही. त्या वेगाने एका सेकंदाचे एचडी चित्र यायला जवळजवळ दीड मिनिट लागले असते. एका तासाचा कार्यक्रम यायला ८९ तास म्हणजे पावणेचार दिवस लागले असते!

आता चित्राची वाट पाहू. तुमच्यापैकी काहींनी शेतात पाटाचे पाणी पाहिले असेल. धरण कितीही भरलेले असो, पाट कितीही रुंद असो, शेताच्या तोंडाशी दगडमातीने वाट अरुंद झाली असेल, तर पिकाला तेवढेच पाणी मिळते. इंटरनेटचेही तसेच आहे. सगळ्या वाटेत जी जागा सर्वांत अरुंद, तिच्यातून जाईल तेवढेच चित्र पुढे जाते. ही गोष्ट नीट लक्षात ठेवा.

समजा, साताऱ्याहून कोणी आपल्या मोबाइलवरून शिकागोला चित्र पाठवत आहे. ते आधी हवेतून जवळच्या मोबाइलच्या टॉवरकडे जाते. तेथून पुढचा लांबचा प्रवास केबलीतून होतो. या केबलींत केसासारखे बारीक काचेचे धागे असतात आणि त्यांतून प्रकाश धावतो. मुंबईत वर्सोव्याच्या किनाऱ्याशी अशा काही केबली समुद्रातून वर येतात. त्यांतून माहिती समुद्राच्या तळावरून दूरदूरच्या देशांत जाते. काचेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबईपासून शिकागो सरळ रेषेत सुमारे तेरा हजार किलोमीटर दूर आहे. केबलीची वाट वळणावळणाची असते. ती वीस हजार किलोमीटर धरली, तरी प्रकाशाला ती पार करायला सेकंदाचा दहावा भाग पुरतो. वाटेतील यंत्रांना थोडा जास्त वेळ लागतो, एवढेच.

पुढे शहरातील मोठमोठ्या इमारतींत ही माहिती येते. शिकागोत अशी एक प्रसिद्ध इमारत आहे. डॉनेली या मोठ्या छपाई कंपनीने ती १९१२ पासून टप्प्याटप्प्याने बांधली. एके काळी तेथे जाडजूड सूचिपत्रे आणि टेलिफोनच्या डिरेक्टऱ्या छापल्या जात. आज तेथे छपाईची यंत्रे नाहीत. तेथे संगणकांच्या रांगाच रांगा आहेत आणि माहितीचे अनेक मार्ग तेथे एकमेकांना मिळतात. अनेक शहरांत अशी केंद्रे आहेत. गाजलेल्या चित्रपटांच्या प्रती निरनिराळ्या शहरांतील अशा केंद्रांत आधीच ठेवलेल्या असतात. म्हणून चित्रपट दरवेळी समुद्र ओलांडून आणावा लागत नाही.

तेथून तारेने किंवा केबलीने माहिती घरी येते. घरात राउटर नावाची एक छोटी पेटी असते. ती ही माहिती हवेतून घरभर पसरवते. यालाच आपण वाय-फाय म्हणतो. आणि नेमकी येथेच पुष्कळदा वाट अरुंद होते! डेव्हन ॲव्हेन्यूच्या आसपास विटांच्या भिंतींची दोन-तीन मजली जुनी घरे पुष्कळ आहेत. विटांची जाड भिंत वाय-फायच्या लहरींना दुबळे करते. शिवाय घरे एकमेकांना लागून असल्यामुळे शेजाऱ्यांच्या राउटरच्या लहरीही त्याच हवेत असतात. बाजारात सगळेच एकदम बोलू लागले, की कोणाचेच नीट ऐकू येत नाही. तसेच येथे होते.

बहुतेक राउटर दोन प्रकारच्या लहरी वापरतात. २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरी लांबवर जातात, पण तेथे गर्दी फार. मायक्रोवेव्ह भट्टीही त्याच पट्ट्यात चालते. ५ गिगाहर्ट्‌झच्या लहरींचा वेग जास्त, पण भिंती ओलांडताना त्या लवकर थकतात. राउटर आणि टीव्ही एकाच खोलीत असतील, तर दुसऱ्या लहरी चांगल्या. सर्वांत भरवशाचा उपाय मात्र जुनाच आहे. राउटरपासून टीव्हीपर्यंत सरळ तार जोडावी.

आता चित्र टीव्हीत किंवा संगणकात पोहोचले. पण ते घडी घातलेले आहे, हे विसरू नका. ती घडी उलगडण्याचे कामही करावे लागते. नव्या यंत्रांत त्यासाठी खास भाग असतो. जुन्या यंत्रात तो नसेल, तर सगळा भार मुख्य प्रोसेसरवर पडतो. यंत्र तापते, आवाज पुढे जातो आणि चित्र ठेचकाळत मागून येते. अशा वेळी इंटरनेटचा वेग कितीही वाढवला, तरी उपयोग नाही.

शेवटी येतो पडदा. पडद्यावर तेवढे ठिपकेच नसतील, तर पूर्ण एचडी चित्र दिसणार कसे? पडदा चांगला असला, तरी टीव्हीला जोडणारी तारही योग्य हवी. लाल, पांढऱ्या आणि पिवळ्या टोकांची जुनी तार तुम्ही पाहिली असेल. तिच्यातील पिवळी तार एचडी चित्र नेऊ शकत नाही. त्यासाठी एचडीएमआय नावाची तार लागते.

आता एका घराची कल्पना करा. डेव्हन ॲव्हेन्यूजवळ राहणारी एक मुलगी आहे. साताऱ्याला तिच्या आजीची पंचाहत्तरी आहे. पंचाहत्तर दिव्यांनी आजीचे औक्षण व्हायचे आहे. शिकागोच्या मंडळींना जाता येत नाही. म्हणून सारे जण टीव्हीवर समारंभ पाहणार आहेत. साताऱ्यात संध्याकाळचे सात वाजतील, तेव्हा उन्हाळ्यात शिकागोत सकाळचे साडेआठ वाजलेले असतात. समारंभ एकदाच होणार, पुन्हा होणार नाही. म्हणून आदल्या दिवशी त्यांनी चाचणी घेतली. चित्र दिसले, पण लगेच थांबले.

“अगं, तुझा चेहरा नुसता चौकोन चौकोन दिसतोय गं!” आजी म्हणाली.

“आजी, तूही तशीच दिसतेस!” मुलगी म्हणाली.

“टीव्ही जुना झाला. आजच नवा आणू या,” बाबा म्हणाले.

“बाबा, थोडे थांबा ना. आधी अडते कुठे ते पाहू,” मुलगी म्हणाली.

तिने काय केले, ते पाहा. टीव्हीवर आधीच ठेवलेला एक एचडी चित्रपट लावून पाहिला. तोही अडखळला. म्हणजे एक अडचण आपल्याच घरात होती. मग ती मोबाइल घेऊन राउटरजवळ गेली. तेथे तोच चित्रपट सुरळीत चालला. राउटर पुढच्या खोलीत आणि टीव्ही मागच्या खोलीत होता. मध्ये विटांच्या दोन भिंती होत्या! बाबांनी राउटरपासून टीव्हीपर्यंत लांब तार टाकली. चित्रपट टीव्हीवरही छान दिसू लागला. त्याच टीव्हीवर, बरे का!

तरी आजीचे चित्र अजून धूसरच होते. आता अडचण दुसऱ्या टोकाला असणार. येथे आणखी एक गोष्ट समजून घ्या. इंटरनेटचे दोन वेग असतात. एक माहिती घरी येण्याचा आणि दुसरा घरातून बाहेर जाण्याचा. पुष्कळ ठिकाणी बाहेर जाण्याचा वेग कमी असतो. आपण चित्रपट पाहतो, तेव्हा येण्याचा वेग महत्त्वाचा. पण आपले चित्र दुसऱ्यांना दाखवायचे असेल, तर जाण्याचा वेग हवा. साताऱ्याला काकांनी मोबाइल माजघरात ठेवला होता. माजघराला खिडकी नव्हती आणि टॉवरच्या लहरी तेथे क्षीण होत होत्या. काकांनी मोबाइल ओसरीवर आणला. आजीचा चेहरा लख्ख दिसला. तिच्या कपाळावरचे कुंकूसुद्धा दिसले. मग औक्षणही ओसरीवरच करायचे ठरले. नवा टीव्ही काही आणावा लागला नाही.

तुम्ही विचाराल, चित्रपट थोडा वेळ तरी नीट चालतो, मग समारंभाचे चित्रच जास्त का अडते? त्याचे कारण सोपे आहे. नळाला पाणी कमी-जास्त येत असले, तरी हौद भरलेला असेल तर आपले अडत नाही. चित्रपट पाहताना पुढचा थोडा भाग यंत्र आधीच आणून साठवून ठेवते. या साठ्याला बफर म्हणतात. साठा संपला, की वर्तुळ फिरू लागते. पण जे आत्ता घडत आहे, ते आधी कसे साठवणार? म्हणून तेथे वाट अधिक चांगली लागते. वाट अरुंद झाली, तर यंत्र आणखी एक युक्ती करते. ते कमी ठिपक्यांचे चित्र मागवते. चित्र धूसर होते, पण थांबत नाही.

तेव्हा मुलांनो, चित्रच आपली अडचण सांगत असते. वर्तुळ फिरत राहिले, तर माहिती वेळेवर पोहोचत नाही. चित्र थांबत नाही पण धूसर आहे, तर वाट अरुंद झाली आहे. वर्तुळ नाही, आवाज नीट आहे, पण चित्र ठेचकाळते, तर बहुधा यंत्राला भार पेलत नाही. आणि एकट्या एका टीव्हीवर धूसर, बाकी सगळीकडे स्पष्ट, तर पडदा किंवा तार तपासा.

घरातील माणसांचाही हिशेब करा. घरात सेकंदाला १५ मेगाबिट वेग येत असेल, तर तीन जण एचडी चित्र पाहू शकतील. चौथ्याने सुरू केले, की २० मेगाबिट लागतील आणि सगळ्यांचेच चित्र बिघडेल. शिवाय एक तास पूर्ण एचडी चित्र पाहिले, की सुमारे सव्वादोन गिगाबाइट माहिती खर्च होते. मोबाइलच्या लहान पडद्यावर एवढे ठिपके डोळ्यांना कळतही नाहीत. तेथे कमी प्रतीचे चित्र निवडले, तर काही बिघडत नाही. उलट, घरातल्या कोणाचा अभ्यासाचा वर्ग चालू असेल, तर त्याला वाट मोकळी मिळते.

सातासमुद्रांपलीकडून आलेले चित्र पुष्कळदा शेवटच्या दहा पावलांत अडते. म्हणून महागडी वस्तू आणण्यापूर्वी वाटेतील सर्वांत अरुंद जागा शोधा. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि काय फरक पडतो ते पाहा. असे पाहता पाहता तुम्हांला उत्तर सापडेल आणि दूरच्या माणसांचे चेहरेही स्पष्ट दिसतील.

स्वाध्याय

१. पुढील प्रश्नांची एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) पूर्ण एचडी चित्रात किती ठिपके असतात?
(आ) बफर म्हणजे काय?
(इ) मिरवणुकीच्या चित्रात लवकर चौकोन का दिसू लागतात?

२. कारणे सांगा.
(अ) भारतातील व्हिडिओ कॅसेट अमेरिकेतील यंत्रावर नीट दिसत नसे.
(आ) मुलीच्या घरी नवा टीव्ही आणावा लागला नाही.

३. उपक्रम : घरातील किंवा शाळेतील राउटर कोठे आहे ते पाहा. मोठ्या माणसांच्या मदतीने निरनिराळ्या खोल्यांत एकच चित्रफीत लावा. ती कोठे स्पष्ट दिसते आणि कोठे अडते, ते वहीत लिहा.